दुसऱ्या पडद्यावर काय असावं?

मोबाईलवर गेम खेळणं म्हणजे काय, हे आता कुणाला समजावून सांगायला नको. शेवटच्या बाकावर काय चाललंय हे पुढे उभ्या असलेल्या सरांनाही ठाऊक असतं. हा लेख त्याबद्दल नाही. खेळ चाललाय टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर, आणि हातातला मोबाईलही त्याच खेळात सामील आहे, अशा प्रकाराबद्दल मला सांगायचंय. इंग्रजीत त्याला ‘कंपॅनियन डिव्हाइस’ किंवा ‘सेकंड स्क्रीन’ म्हणतात. मराठीत ‘सोबती उपकरण’ म्हटलं की सरकारी परिपत्रकाचा वास येतो, म्हणून मी आपला ‘दुसरा पडदा’ म्हणते.

सर्वांत साधा दुसरा पडदा आपण सगळेच वापरतो. गेममध्ये अडकलो की मोबाईलवर यूट्यूब उघडून पुढचा रस्ता शोधायचा. तिजोरीचा कोड दिसला की वहीत लिहिण्याऐवजी त्याचा फोटो काढायचा. गेम बनवणाऱ्यांनी हे ठरवून दिलेलं नसतं, आपणच ती सोय लावून घेतो. पण खेळणारा माणूस मोबाईल हातात घेतोच आहे, तर मग त्यावर आपलंच अ‍ॅप का असू नये, हा विचार मोठ्या कंपन्यांच्या मनात आला आणि २०१२च्या सुमाराला त्याची लाटच आली. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी ‘स्मार्टग्लास’ आणलं. पुढच्या वर्षी ‘असॅसिन्स क्रीड ४ : ब्लॅक फ्लॅग’चं अ‍ॅप आलं. त्यात गेमचा नकाशा टॅबलेटवर दिसायचा आणि आपल्या गलबतांचा ताफा मोबाईलवरूनही हाकता यायचा. त्याच वर्षी ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’बरोबर ‘आयफ्रूट’ आलं. गेममध्ये चॉप नावाचा एक कुत्रा आहे. त्याला मोबाईलवर शिकवायचं, म्हणजे तो टीव्हीवर आपलं ऐकतो!

या लाटेतलं सर्वांत गाजलेलं अ‍ॅप ‘फॉलआउट ४’चं, २०१५ मधलं. या गेममधल्या नायकाच्या मनगटावर ‘पिप-बॉय’ नावाचं यंत्र असतं. त्याच्यावर सामानाची यादी, नकाशा, रेडिओ असं सगळं. कंपनीने तोच पिप-बॉय मोबाईलवर आणला. एवढंच नाही, तर गेमच्या महागड्या आवृत्तीबरोबर खराखुरा प्लॅस्टिकचा पिप-बॉय मिळायचा. मोबाईल त्यात बसवायचा आणि मनगटावर चढवायचा. आतलं काम तसं सरळ आहे. कन्सोल आणि मोबाईल एकाच वायफायवर असतात. जोडणी झाली की खेळाडूजवळच्या वस्तूंची सगळी माहिती एकदा मोबाईलकडे जाते आणि त्यानंतर जे बदलेल तेवढंच पाठवलं जातं. मोबाईलवरून उलट दिशेने हुकूमही देता येतात : हे औषध घे, ती बंदूक बदल. गेमचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी हे अ‍ॅप मंचावरून दाखवतानाच, अशी अ‍ॅप्स म्हणजे गिमिक असतात, हे हसत हसत कबूल करून टाकलं होतं. आपलं गिमिक त्यातल्या त्यात भारी, एवढाच त्यांचा दावा.

मग ही लाट ओसरली का? माझ्या मते कारण डोळ्यांत आणि हातांत आहे. टीव्ही सात-आठ फुटांवर असतो आणि मोबाईल मांडीवर. दोन्ही हात कंट्रोलरवर गुंतलेले. मोबाईल बघायचा तर मान खाली घालायची, एक हात सोडायचा, तेवढ्यात टीव्हीवर कुणीतरी आपल्याला मारून जातं. आणि एवढं करून दिसतं काय? जो नकाशा कंट्रोलरचं एक बटण दाबून टीव्हीवरच दिसला असता तोच. ज्याच्यावाचून काही अडत नाही ते अ‍ॅप लोक दोन दिवस हौसेने वापरतात आणि विसरतात.

लोक विसरू नयेत म्हणून एका गेमने सक्तीही करून पाहिली. २०१४च्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’मध्ये पॅरिसभर पेट्या ठेवलेल्या होत्या आणि त्यातल्या काही मोबाईलचं अ‍ॅप वापरल्याशिवाय उघडतच नव्हत्या. पैसे मोजून घेतलेल्या गेममधली पेटी समोर दिसतेय, पण किल्ली दुसऱ्या यंत्रात! लोक भडकले आणि नंतरच्या एका अपडेटमध्ये कंपनीने ती अट काढून टाकली. बरं झालं. कारण गेमची डिस्क कपाटात वीस वर्षं राहू शकते, अ‍ॅपचं तसं नाही. ‘आयफ्रूट’ २०२२ मध्ये बंद झालं. गेम मात्र आजही जोरात चालू आहे.

एक अपवाद मान्य करायला हवा. ‘डेस्टिनी’ या गेममध्ये जमवलेली शस्त्रं एका कोठारात ठेवावी लागतात आणि ती काढायला पूर्वी लढाई सोडून परत तळावर जावं लागायचं. कंपनीने गेमच्या माहितीचा दरवाजा बाहेरच्या प्रोग्रामरना उघडून दिला आणि त्यातून ‘डेस्टिनी आयटम मॅनेजर’ नावाचं साधन स्वयंसेवकांनी तयार केलं. मोबाईलवर बोट फिरवलं की कोठारातली बंदूक खेळाडूच्या हातात. ही शुद्ध हमाली आहे, पण हेलपाटा वाचतो, म्हणून लोक ती रोज वापरतात. याच्या अगदी उलट टोक बघायचं असेल तर निन्टेन्डोकडे बघा. स्विच कन्सोलवर खेळताना मित्रांशी बोलायचं तर बोलणं मोबाईलच्या अ‍ॅपमधून, अशी व्यवस्था त्यांनी २०१७ मध्ये केली. म्हणजे गेमचा आवाज एका यंत्रातून, मित्राचा दुसऱ्यातून, आणि दोन्ही एका कानात घालायला वेगळ्या वायरींचा हेडफोन. सुरुवातीला तर मोबाईलचा पडदा बंद झाला की बोलणंही तुटायचं. यावर मी जास्त लिहीत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. जे दुसरे पडदे टिकले त्यांच्यात काय होतं?

मेंढीकोट आठवा. सगळ्यांनी आपापली पानं टेबलावर उघडी मांडली तर खेळ उरेल का? किंवा राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या. त्या चार कागदाच्या कपट्यांमध्ये आहे काय, तर माझी चिठ्ठी तुला दिसत नाही एवढंच. चर्चच्या सणाला हॉलमध्ये हाऊजी रंगते तेव्हाही तसंच. पुढून ‘टू फॅट लेडीज’ असा पुकारा होतो, म्हणजे ८८, तो सगळ्यांना एकच ऐकू येतो, पण प्रत्येकाच्या हातातलं तिकीट वेगळं असतं. हॉलमध्ये समोर सगळ्यांचं मिळून एक आणि हातात ज्याचं त्याचं एक. दुसऱ्या पडद्याचं खरं काम हे आहे. टीव्हीची अडचण अशी की तो सगळ्यांना सगळं दाखवतो. एका सोफ्यावर बसून चोर-शिपाई टीव्हीवर खेळताच येत नाही.

हे मोबाईलच्या आधीही काहींच्या लक्षात आलं होतं. सेगाच्या ‘ड्रीमकास्ट’ कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये एक इवलासा पडदा असलेलं मेमरी कार्ड बसायचं. १९९९च्या ‘एनएफएल २के’ या अमेरिकन फुटबॉलच्या गेममध्ये पुढची चाल त्या इवल्या पडद्यावर निवडता यायची, म्हणजे शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला ती दिसू नये. २००३ मध्ये निन्टेन्डोने ‘पॅक-मॅन व्हर्सेस’ काढला. एका खेळाडूच्या हातात गेमबॉय अ‍ॅडव्हान्स, तो पॅक-मॅन, त्याला सगळा चक्रव्यूह दिसतो. बाकीचे तिघं भुतं. ते टीव्हीवर बघून खेळतात आणि त्यांना फक्त आपल्या आसपासचा भाग दिसतो. त्यामुळे तिघांना एकमेकांना ओरडून सांगावं लागतं : ‘इकडे आला, खाली गेला, अडव!’ आणि जो पकडेल तो पुढचा पॅक-मॅन. कल्पना लाखमोलाची, पण त्यासाठी कन्सोल हवा, गेमबॉय हवा आणि दोन्ही जोडणारी खास केबल हवी. पुढच्या वर्षीच्या ‘झेल्डा : फोर स्वोर्ड्स अ‍ॅडव्हेंचर्स’मध्ये तर चौघं खेळणार तर चार गेमबॉय आणि चार केबली. एवढं सामान कुणाच्या घरी असणार? २०१२ मध्ये निन्टेन्डोने ‘वी यू’ कन्सोलबरोबर पडद्याचा मोठा कंट्रोलर दिला, पण तो घरात एकच. जगभरात हा कन्सोल दीड कोटीसुद्धा विकला गेला नाही.

मोबाईलने सोडवला तो हा केबलीचा प्रश्न. दुसरा पडदा प्रत्येकाच्या खिशात आधीच होता, फक्त त्याला टीव्हीशी जोडायचा सोपा रस्ता हवा होता. तो शिकागोच्या जॅकबॉक्स गेम्सने दिला. २०१४ मध्ये त्यांची पहिली ‘पार्टी पॅक’ आली. गेम एकानेच विकत घ्यायचा आणि लॅपटॉपवर किंवा कन्सोलवर चालवायचा. पडद्यावर चार अक्षरांचा कोड येतो. बाकीच्यांनी मोबाईलच्या ब्राउझरमध्ये जॅकबॉक्सची साइट उघडून कोड आणि आपलं नाव टाकायचं, झालं. अ‍ॅप नाही, खातं नाही, ब्लूटूथची कटकट नाही. मोबाईल थेट तुमच्या लॅपटॉपशी बोलत नाही. दोघंही इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी बोलतात. म्हणून तर २०२०च्या लॉकडाऊनमध्ये वेगवेगळ्या शहरांतले लोक झूमवर एकाचा पडदा बघत हे गेम खेळू शकले. पण त्याचा दुसरा अर्थ असा की हॉलमधलं नेट गेलं की खेळ बसला.

यातला ‘फिबेज’ म्हणजे थापांचा खेळ. पडद्यावर एक विचित्र पण खरी गोष्ट येते, तिच्यातला एक शब्द गाळलेला असतो. प्रत्येकाने मोबाईलवर एक पटेलशी थाप लिहायची. मग सगळ्या थापा आणि खरं उत्तर एकत्र पिसून पडद्यावर येतं. खरं ओळखलं की गुण, आणि तुमच्या थापेला कुणी भुललं तर त्याचेही गुण. ‘ड्रॉफुल’मध्ये प्रत्येकाच्या मोबाईलवर एक वेडगळ वाक्य येतं, बोटाने त्याचं चित्र काढायचं, आणि बाकीचे त्या चित्राला खोटी शीर्षकं देतात. बघा, मोबाईल इथे चिठ्ठीचं काम करतो. लिहिताना झाकलेली, वाचताना उघडलेली.

वर्गात आपण ‘कहूट’ खेळतो, तोही याच कुळातला, नॉर्वेमधून २०१३ मध्ये आलेला. त्यात एक बारकावा आहे. वर्गातल्या नेहमीच्या खेळात मोबाईलवर प्रश्न दिसतच नाही, दिसतात फक्त चार रंग आणि चार आकार. प्रश्न वाचायचा तर मान वर करून भिंतीकडे बघावंच लागतं. मोबाईलवर मुद्दाम कमी दाखवून माणसाला वर बघायला लावणं, ही युक्ती पिप-बॉयवाल्यांना सुचायला हवी होती.

जॅकबॉक्सबद्दल माझी एक तक्रार आहे. हे खेळ इंग्रजीत विचार करणाऱ्यांचे आहेत. घड्याळ चालू असतं, टाइप करायचं असतं, आणि थाप पटायची तर इंग्रजी सफाईदार हवं. आमच्या खोलीत ‘फिबेज’ खेळताना एका मैत्रिणीची थाप प्रत्येक वेळी ओळखू यायची, कारण तिचं स्पेलिंग. खोटं बोलण्यात ती आमच्यात सर्वांत हुशार आहे, पण ते तोंडाने. आणि रोमन लिपीत मराठी थाप मारावी तर ती थाप आहे हे पहिल्या शब्दालाच कळतं! तिने दुसऱ्या दिवशी खेळायला यायचं टाळलं तेव्हा मला त्यात काही आश्चर्य वाटलं नाही.

आणि म्हणून मला ज्या खेळाबद्दल खरं तर लिहायचंय तो खेळ आता. नाव लांबलचक आहे : ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’. बोलत राहा, म्हणजे कुणी उडणार नाही. कॅनडातल्या ओटावाच्या स्टील क्रेट गेम्स या छोट्या कंपनीने तो २०१५ मध्ये काढला. लॅपटॉपवर एक टाइम बॉम्ब दिसतो आणि तो एकालाच बघायचाय. बाकीच्यांकडे आहे बॉम्ब निकामी करण्याचं मॅन्युअल, २३ पानांचं, जे बॉम्बमॅन्युअल डॉट कॉम या साइटवर फुकट मिळतं. मोबाईलवर उघडा किंवा छापून घ्या. मॅन्युअलवाल्यांनी बॉम्ब बघायचा नाही आणि बॉम्बवाल्याने मॅन्युअल बघायचं नाही. पहिल्या बॉम्बला पाच मिनिटं असतात. चूक झाली की घड्याळ जोरात पळायला लागतं, आणि साधारणपणे तिसऱ्या चुकीला स्फोट.

तंत्राच्या दृष्टीने बघाल तर हा सगळ्यांत दरिद्री दुसरा पडदा आहे. मोबाईल गेमला जोडलेलाच नाही! वायफाय नको, कोड नको, सर्व्हर नको. मोबाईलवर आहेत फक्त काही पानं, आणि दोन पडद्यांना जोडणारी केबल म्हणजे माणसाचं बोलणं. ही केबल फुकट असते, पण तीही अधूनमधून तुटते.

बॉम्बवर वेगवेगळे खण असतात, प्रत्येकाचा नियम वेगळा. वायरींचा खण सर्वांत सोपा. समजा तीन वायरी आहेत. मॅन्युअल म्हणतं : लाल वायर एकही नसेल तर दुसरी कापा. नाहीतर, शेवटची वायर पांढरी असेल तर शेवटची कापा. नाहीतर, निळ्या वायरी एकापेक्षा जास्त असतील तर शेवटची निळी कापा. नाहीतर शेवटची कापा. इथे खरी किंमत ‘नाहीतर’ या शब्दाला आहे. वरून खाली जायचं आणि जो नियम पहिल्यांदा लागू पडेल तिथेच थांबायचं. मधूनच वाचायला सुरुवात केली तर उत्तर चुकतं. आमच्या गटात इंग्रजी माध्यमातून आलेली मंडळी, मीसुद्धा त्यात आले, पान भराभर डोळ्याखालून घालतात आणि ‘कळलं, कळलं’ म्हणतात. ‘फिबेज’ला कंटाळलेली ती मैत्रीण मराठी माध्यमाची. ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचते, वाक्य संपेपर्यंत तोंड उघडत नाही, आणि मग एकच प्रश्न विचारते. तिच्या हातात मॅन्युअल असलं की आमचा बॉम्ब क्वचितच फुटतो.

दुसरा खण चिन्हांचा. चार बटणं, त्यांच्यावर चार अनोळखी चिन्हं, बहुतेक जुन्या ग्रीक आणि रशियन लिपींतली. मॅन्युअलमध्ये सहा रकाने, प्रत्येकात सात चिन्हं. ज्या एका रकान्यात तुमची चारही चिन्हं आहेत तो शोधायचा आणि वरून खाली त्या क्रमाने बटणं दाबायची. आता ज्या चिन्हाचं नाव तुम्हाला ठाऊक नाही ते तुम्ही दुसऱ्याला सांगणार कसं? इथे प्रत्येक गटाची आपली भाषा तयार होते. आमच्याकडे ग्रीक ‘साय’ला पहिल्या दिवसापासून त्रिशूळ म्हणतात, ‘ओमेगा’ला घोड्याचा नाल. एका चिन्हाला आम्ही चंद्रबिंदू म्हणायला लागलो : अर्धा चंद्र, आत टिंब. फक्त तो आडवा पडलेला. मग पंचाईत अशी झाली की तसे दोन आहेत, एकाचं तोंड डावीकडे आणि दुसऱ्याचं उजवीकडे, आणि दोघांचे रकाने वेगळे. ताऱ्याचंही तसंच, एक भरलेला आणि एक पोकळ. म्हणजे नाव ठेवून भागत नाही, कुठल्या दोन गोष्टींत घोटाळा होऊ शकतो हे आधी बघून मग नाव ठेवावं लागतं. भाषाशास्त्राच्या तासाला ‘भेदक लक्षण’ हा शब्द लिहून घेतला होता. तो कळला तो इथे.

पण खरी गंमत ‘हूज ऑन फर्स्ट’ नावाच्या खणात आहे. हे नाव अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या अमेरिकन विनोदी जोडीच्या एका जुन्या संवादावरून घेतलंय. त्यात बेसबॉल खेळाडूंची नावंच ‘हू’, ‘व्हॉट’ अशी असतात आणि प्रश्न कुठला, उत्तर कुठलं हे कुणालाच कळत नाही. या खणात वर एक पट्टी, तिच्यावर एक शब्द, आणि खाली सहा बटणं, प्रत्येकावर एकेक शब्द. पट्टीवरच्या शब्दावरून मॅन्युअल सांगतं की कुठल्या जागचं बटण वाचायचं. मग त्या बटणावरच्या शब्दासमोर मॅन्युअलमध्ये शब्दांची एक लांब यादी असते, तिच्यातला जो शब्द तुमच्या सहा बटणांवर आधी सापडेल तो दाबायचा. असं तीन वेळा. आणि हे शब्द कुठले? वाय-ओ-यू-आर हा ‘युअर’, आणि मधे अपॉस्ट्रॉफीचा दुसरा ‘युअर’, शिवाय ‘यू आर’ असे दोन सुटे शब्द, शिवाय नुसती यू आणि आर ही दोन अक्षरं. तीन प्रकारचे ‘देअर’. ‘रेड’ दोन तऱ्हांनी लिहिलेला, ‘रीड’, ‘लेड’, ‘लीड’. ‘सी’ एक अक्षर, ‘सी’ म्हणजे बघणं, आणि सी-ई-ई असा तिसराच ‘सी’. इंग्रजी कानाला फसवण्यासाठीच हे निवडलेत. इंग्रजीच मातृभाषा असलेली माणसं या खणापाशी एकमेकांवर ओरडताना तुम्हाला यूट्यूबवर दिसतील.

आता हेच बेळगावच्या एका खोलीत बघा. बॉम्बवाला म्हणतो, ‘पट्टीवर लाल आहे, रंग लाल.’ दुसऱ्या वेळी म्हणतो, ‘वाचणं.’ तिसऱ्या वेळी, ‘शिसं, शिसं, पेन्सिलीतलं!’ पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं, पण स्फोटाला पस्तीस सेकंद उरलेले असताना ते कोण काढणार. एक ‘देअर’ म्हणजे तिथे, एक म्हणजे त्यांचं, एक म्हणजे ते आहेत. इंग्रजीत जे शब्द सारखे ऐकू येतात ते मराठीत आणले की अलग होतात, कारण भाषांतर करताना अर्थ घ्यावा लागतो, नुसता आवाज घेऊन चालत नाही. ज्या खणात इंग्रजीवाले अडकतात तो आम्ही हसत सोडवतो.

नेहमी हसत नाही, हेही सांगायला हवं. पट्टीवर कधी ‘नो’ असतं, कधी ‘नथिंग’, कधी ‘ब्लँक’, आणि कधी पट्टी खरोखरच रिकामी असते. या चारही वेळा मराठी माणसाच्या तोंडून पहिल्या झटक्यात काय येतं? ‘काही नाही.’ काही नाही असं लिहिलंय, की काहीच लिहिलेलं नाही? या प्रश्नावर आमचे दोन बॉम्ब फुटले. आपल्याकडेही ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ बोलताना सारखेच होतात आणि शुद्धलेखनाच्या मार्कांवर घाला पडतो, तेव्हा आपण फार ऐट करण्यात अर्थ नाही.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र याहून साधी आहे. बटणांवर ‘वेट’, ‘होल्ड’, ‘ओके’, ‘राइट’, ‘व्हॉट’, ‘नेक्स्ट’, ‘डन’ असेही शब्द असतात. म्हणजे माणसं घाईत एकमेकांशी जे बोलतात तेच. इंग्रजीत खेळणाऱ्याने ‘वेट!’ म्हटलं तर तो थांबायला सांगतोय की ते बटण दाबायला? आमच्याकडे हा प्रश्न येत नाही. थांबायला सांगायचं तर ‘थांब’, बटण सांगायचं तर ‘वेट’. ‘आता बरोबर?’ हा प्रश्न, ‘राइट’ हे बटण. बोलणं मराठीत, बटणं इंग्रजीत, असा काही नियम आम्ही ठरवला नव्हता, तो दुसऱ्या-तिसऱ्या बॉम्बपर्यंत आपोआप पडला. कागदावर आपण दुसऱ्याचा शब्द अवतरणचिन्हात घालतो. बोलताना ते चिन्ह नसतं, इथे भाषा बदलणं हेच ते चिन्ह झालं. परवा एकीला घाईत कन्नड सुचलं, तर ‘थांब’च्या जागी ‘निल्लु’ आलं आणि काहीही बिघडलं नाही. कारण ते बटणाच्या भाषेतलं नव्हतं. घरी इंग्रजी मिसळलं म्हणून आणि वर्गात मराठी मिसळलं म्हणून, दोन्हीकडे बोलणी खाल्लेली आम्ही मुलं. आमच्या त्या धेडगुजरी बोलण्याने इथे मिनिटं वाचतात.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात हा खेळ घ्यावा असं मी सुचवलंय, तेव्हा थोडी व्यवहाराची माहिती. गेमची एकच प्रत लागते, ज्याच्या लॅपटॉपवर बॉम्ब आहे त्याची. तो लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायचा नाही, नाहीतर सगळ्यांना सगळं दिसेल आणि पुन्हा पिप-बॉयच. प्रेक्षकांना बघायचंच असेल तर त्यांना बॉम्बच्या बाजूला बसवा आणि मॅन्युअलवाल्यांची पाठ त्यांच्याकडे करा. मॅन्युअल मोबाईलवर चालतं, पण छोट्या पडद्यावर चिन्हांचे सहाही रकाने एका वेळी नीट दिसत नाहीत, म्हणून ते पान तरी छापून घ्यावं. मी तर सगळंच छापा म्हणेन. ज्याच्या मोबाईलची बॅटरी संपलीय किंवा ज्याच्याकडे डेटा नाही, तोही मग तज्ज्ञ होऊ शकतो. तिघांना दोन प्रती पुरतात. पाठपोट छापू नका आणि स्टेपल करू नका. तिसऱ्या मिनिटाला लोक पानं सुटी करून आपसात वाटून घेतातच.